लॅब्राडूडलचा हट्ट आणि जावयाच्या शिंका

मेलबर्न,
रविवार

मिल्या,

तुझा व्हॉइस मेसेज दोनदा ऐकला, कारण पहिल्यांदा मागे कुकरच्या शिट्ट्या चालू होत्या आणि तुझ्या साडूंचं म्हणणं नीट कळलंच नाही. आता मामला ध्यानात आला. सईला बाणेरच्या फ्लॅटमध्ये लॅब्राडूडल, म्हणजे लॅब्राडॉर आणि पूडल यांचं मिश्र कुत्रं, आणायचंय. जावईबापूंना कुत्र्याजवळ गेलं की शिंका सुरू होतात. ब्रीडर छातीठोकपणे सांगतोय की याची कुणालाच ॲलर्जी होत नाही, केस गळत नाहीत आणि दोन्ही जातींचे गुण तेवढे उतरतात. साडू म्हणतात, लाखभर रुपये मोजून गावठी कुत्रं कोण घेतं? आणि तू मला म्हणतोस, ‘डॉक्टर, हो की नाही ते एका शब्दात सांग.’ अरे, एका शब्दात उत्तर देणाऱ्या डॉक्टरकडे जनावर नेऊच नये. म्हणून हे पत्र.

ही सगळी भानगड सुरू झाली ती आमच्याच व्हिक्टोरिया राज्यात. १९८०च्या दशकाच्या अखेरची गोष्ट. इथल्या रॉयल गाईड डॉग असोसिएशनमध्ये वॉली कॉनरन नावाचे गृहस्थ कुत्र्यांच्या पैदाशीचं काम बघायचे. हवाईतल्या एका अंध बाईंनी त्यांच्याकडे वाट दाखवणारं कुत्रं मागितलं. अट एवढीच की नवऱ्याला कुत्र्याच्या केसांची ॲलर्जी आहे. कॉनरननी आधी पूडल घेऊन पाहिले, चांगले तेहतीस, पण त्या कामाला एकही उतरला नाही. मग त्यांनी लॅब्राडॉर आणि स्टँडर्ड पूडल यांचा मेळ घातला. तीन पिल्लं झाली. तिघांचे केस आणि लाळ हवाईला पाठवली, आणि त्या नवऱ्याला त्रास झाला नाही असं एकच पिल्लू निघालं. त्याचं नाव सुलतान. पुढच्या वेताला दहा पिल्लं झाली, त्यांतली ॲलर्जीच्या परीक्षेत पास झाली तीन.

हा आकडा सईला वाचून दाखव. ज्या माणसाने हे कुत्रं मुद्दाम ॲलर्जीसाठीच घडवलं, त्याच्याकडे पहिल्या तेरांतली चारच पिल्लं चालली, आणि तीही प्रत्येकाची लाळ तपासल्यावर कळलं. बाणेरचा ब्रीडर न तपासता शंभर टक्के हमी देतोय.

गंमत पुढे आहे. ही पिल्लं वाढवायला सुरुवातीला कुणी घरी नेईना. लोकांना अस्सल जातीचं कुत्रं हवं होतं, ‘क्रॉस’ नको. तेव्हा लॅब्राडूडल हे नाव पुढे करून नव्या जातीच्या कुत्र्याची बातमी दिली, आणि संस्थेचे फोन वाजायचे थांबेनात. कुत्रं तेच, पिल्लं तीच. कॉनरन म्हातारपणी, २०१९ साली, इथल्या रेडिओवर बोलले की आयुष्यात या एका गोष्टीचा पश्चात्ताप होतो, कारण पुढे लोकांनी आईबाप न तपासता वाटेल ते वाटेल त्याच्याशी जोडून पैसे केले. मला त्यांचं म्हणणं अर्धं पटतं. त्यांच्या हातून घडलेली लॅब्राडूडल कुत्री कामाला उत्तम होती. एकतीसपैकी एकोणतीस गाईड डॉग झाली असं सांगतात. म्हणजे खोट मिश्रणात नव्हती.

आता जावयाच्या शिंकांकडे वळू. लोकांना वाटतं ॲलर्जी केसांची असते. ती असते कुत्र्याच्या लाळेत, कातडीच्या कोंड्यात आणि लघवीत असलेल्या प्रथिनांची. केस हे नुसतं वाहन. त्यामुळे केस कमी गळले तर घरभर पसरणं थोडं कमी होईल असं तर्काने वाटतं, पण मोजल्यावर तसं दिसलेलं नाही. डेट्रॉईटच्या हेन्री फोर्ड हॉस्पिटलच्या संशोधकांनी २०११ साली घराघरातली धूळ तपासली. ‘ॲलर्जी न होणारी’ कुत्री असलेल्या घरांत आणि बाकीच्या घरांत फरक सापडला नाही. पुढच्याच वर्षी नेदरलँड्समध्ये कुत्र्यांचे केस तपासले, तर मुख्य प्रथिन या तथाकथित सुरक्षित जातींच्याच केसांत जास्त निघालं. हवेत मात्र सगळे सारखेच.

यातून एक पळवाट आहे आणि ती ब्रीडर सांगणार नाही, कारण बहुधा त्यालाच ठाऊक नसेल. कुत्र्याच्या ॲलर्जीची प्रथिनं एकापेक्षा जास्त आहेत, आणि त्यांतलं एक, कॅन एफ ५, फक्त नराच्या प्रोस्टेट ग्रंथीत तयार होतं. काही लोकांना तेवढ्याचीच ॲलर्जी असते. अशा माणसाला मादी खुशाल चालू शकते, मग ती लॅब्राडॉर असो नाहीतर सोसायटीच्या गेटवरची काळू. जावयाला ॲलर्जीच्या डॉक्टरकडे पाठव आणि रक्ताची ही तपासणी प्रथिनागणिक करून मिळते का ते विचारायला सांग. पिल्लाच्या किमतीपुढे तो खर्च किरकोळ आहे.

केस गळत नाहीत हेही अर्धसत्य. डूडलचे, म्हणजे पूडलशी संकर केलेल्या कुत्र्यांचे, गळलेले केस सोफ्यावर पडत नाहीत, कारण ते अंगावरच्या कुरळ्या केसांतच अडकतात. मागच्या आठवड्यात आमच्या दवाखान्यात एक गोल्डनडूडल, म्हणजे गोल्डन रिट्रीव्हर आणि पूडल यांचं मिश्र कुत्रं, आलं. मालक नवराबायको अगदी सज्जन, रोज ब्रश करणारे. पण ब्रश फिरायचा वरवरच. कातडीलगत जटा धरल्या होत्या, कानामागे, काखेत, मांड्यांच्या मध्ये. सुटण्यातलं काम नव्हतं. गुंगीचं इंजेक्शन देऊन दहा नंबरच्या ब्लेडने कातडीला समांतर कापत गेलो, तर पाठीपासून पोटापर्यंतचा सगळा थर अखंड सुटून आला; बाजूच्या टेबलावर ठेवला तर तसाच उभा राहिला. खालची कातडी लालभडक, ओली. बोटांच्या बेचक्यात गवताचं कुसळ रुतून पू झालेला. शेवटी डोक्याला पट्टी बांधली, कारण एवढं ओझं उतरल्यावर कुत्रं कान इतक्या जोरात झटकतं की कानाच्या पाळीत रक्त साकळतं. बाई रडायलाच लागल्या. त्यांना पिल्लू घेताना सांगितलं होतं, ‘याला फारसं काही करावं लागत नाही.’

तर पुण्यात हे कुत्रं आणायचं म्हणजे कंगव्याने मुळापासून रोज विंचरणं आणि दर सहा-आठ आठवड्यांनी कापून घेणं, जन्मभर. सई आणि जावई दोघंही रात्री आठला घरी येतात, असं तूच म्हणालास. मग कंगवा वहिनींच्या हातात येणार, हे मी इथे बसून सांगतो.

सगळे गुण उतरतात, दोष नाहीत, हे ऐकून मला तुझे आबा आठवले. एका वर्षी त्यांनी संकरित ज्वारीचं घरचंच बी पेरलं होतं, आठवतं? एक ताट डोक्याएवढं, शेजारचं कमरेएवढं, कणसं कशीही. इथेही तेच होतं. लॅब आणि पूडल यांची पहिली पिढी बहुतेक दाढीमिशांची, झिपरी निघते, कारण तो गुण प्रबळ आहे. केस किती कुरळे आणि किती गळणार हे मात्र प्रत्येकाचं वेगळं. पहिल्या पिढीतलेच दोन आपसात जोडले, की काही पिल्लं सरळ लॅबसारखी गुळगुळीत तोंडाची येतात आणि भरपूर केस गाळतात. म्हणून ब्रीडर पुन्हा पूडल घालतात आणि पाऊण पूडल झालेलं पिल्लू जास्त किमतीला विकतात. तेव्हा मला विचारावंसं वाटतं, मग सरळ पूडलच का नेत नाही? पूडल मुळात पाण्यातून शिकार काढून आणणारा, भयंकर हुशार कुत्रा. प्रदर्शनात त्याच्या केसांचे गोंडे करून लोकांनी त्याला हसण्यावारी नेलं, एवढंच.

राहिला आरोग्याचा प्रश्न. मिश्रणाने फायदा होतो तो दोन जातींचे आजार वेगवेगळे असतील तेव्हा. लॅबला खुब्याचा सांधा सैल असण्याचा त्रास आहे, पूडललाही आहे. हळूहळू आंधळं करणारा डोळ्याच्या पडद्याचा एक आनुवंशिक आजारही दोघांत सापडतो. दोन्ही बाजूंनी तोच दोष आला तर पिल्लाचं कल्याण कसं होणार? खाण तशी माती. लंडनच्या रॉयल व्हेटरनरी कॉलेजने २०२४ मध्ये कॉकापू, लॅब्राडूडल आणि कॅव्हापू या पूडलच्या तीन संकरांची त्यांच्या मूळ जातींशी तुलना केली, एकूण ९,४०२ कुत्री आणि नेहमीचे ५७ आजार. ८६.६ टक्के तुलनांत काहीच फरक नव्हता. उरलेल्यांत कुठे मिश्र बरे, कुठे मूळ जात बरी. ब्रीडर खोटा पडला, पण मिश्र कुत्र्याला हिणवणारे साडूही खोटे पडले, हे त्यांना सांग.

साडूंची गोष्ट निघालीच आहे, तर त्यांच्या लाडक्या डोबरमानचं सांगतो. जर्मनीतल्या अपोल्डा गावात एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी लुई डोबरमान नावाचा करवसुली करणारा माणूस होता. वसुलीला जाताना सोबतीला तापट कुत्रं हवं म्हणून त्याने हाताशी असलेली कुत्री जोडत जोडत ही जात काढली, आणि नेमकं काय काय मिसळलं याची नोंदसुद्धा ठेवली नाही. गोल्डन रिट्रीव्हर निघाला १८६८ साली स्कॉटलंडमध्ये, पिवळ्या रिट्रीव्हरला पाणकुत्री जोडून. ‘शुद्ध’ जातींचं वय बहुतेक एवढंच. जातिवंत कुत्र्यांची नोंद ठेवणारा लंडनचा केनेल क्लबच १८७३चा. वही उघडली, नावं लिहिली आणि दार लावून घेतलं. मग त्याच बंद खोलीत पिढ्यान् पिढ्या लग्नं, आणि डोबरमानला हृदयाचा आजार, कॅव्हेलियर स्पॅनियलला कवटी मेंदूपेक्षा लहान. नॉर्वेच्या सर्वोच्च न्यायालयाने २०२३ मध्ये कॅव्हेलियरची आपसातली पैदास प्राणिकल्याण कायद्यात बसत नाही असा निकाल दिला. दुसऱ्या जातीचं रक्त आणून सुधारणा करायला मात्र वाट मोकळी ठेवली.

यात मला सगळ्यात आवडतो डाल्मेशियनचा किस्सा. या जातीतल्या प्रत्येक कुत्र्याच्या लघवीत युरिक ॲसिड जास्त, त्यामुळे खडे होतात, मूत्रमार्ग तुंबतो. १९७३ साली अमेरिकेत रॉबर्ट शायबल नावाच्या शास्त्रज्ञाने एकदाच, फक्त एकदाच, पॉइंटर या दुसऱ्या जातीच्या कुत्र्याशी संकर केला आणि मग पिढ्यान् पिढ्या परत डाल्मेशियनशीच जोडत नेलं. ठिपके तेच, चाल तीच, खड्यांचा दोष गेला. पण तिथल्या केनेल क्लबच्या वहीत ही कुत्री कायमची बसायला २०११ उजाडलं. मधल्या काळात खडे होणारी ‘शुद्ध’ पिल्लं विकली जातच होती. आता साडूंनीच सांगावं, यात चोख कोण?

म्हणून मी कुठल्याही बाजूने झेंडा घेऊन उभा नाही. संकर कशासाठी केला आणि आईबापांचं काय तपासलं, एवढंच मी विचारतो. शायबलकडे उत्तर होतं, कॉनरनकडेही होतं. मात्र पाठीमागच्या शेडमध्ये पिंजरे लावून दर माजाला कुत्री लावणाऱ्याकडे नसतं, मग तो डूडल विको की पेडिग्रीचं सर्टिफिकेट लावून लॅब विको. आमच्या व्हिक्टोरियात अशा पिल्लांच्या कारखान्यांविरुद्ध २०१७ मध्ये कायदा झाला. नेहमीच्या ब्रीडरला दहापेक्षा जास्त व्यायच्या माद्या ठेवता येत नाहीत, आणि पेट शॉपमध्ये २०१८च्या जुलैपासून फक्त आश्रयगृहातलीच कुत्री विकता येतात. आपल्याकडेही २०१७चे नियम आहेत, आणि कागदावर चांगले आहेत. ब्रीडरची राज्य प्राणी कल्याण मंडळाकडे नोंदणी हवी, आठ आठवड्यांच्या आतलं पिल्लू विकायचं नाही, मादी दीड वर्षाची झाल्याशिवाय लावायची नाही, वर्षातून एकच वेत आणि जन्मात पाचापेक्षा जास्त नाहीत. सईने नोंदणी क्रमांक मागितला की पलीकडच्या माणसाचा चेहरा बघायला सांग. अर्धं काम तिथेच होईल.

‘मग गावठी पिल्लू घ्या’ असं मी म्हणेन अशी तुझी अपेक्षा असेल. म्हणत नाही. आपलं गावठी कुत्रं काटक खरं, पण केस तेही गाळतं आणि लाळ त्यालाही असतेच. शिंका येणाऱ्या माणसाच्या घरी ते आणून चार महिन्यांनी परत रस्त्यावर सोडलं तर काय मिळवलं?

तेव्हा आधी जावयाची तपासणी. मग त्याने ब्रीडरकडे जाऊन पिल्लाच्या आईबरोबर तास-दोन तास बसायचं, हात चाटू द्यायचे, आणि हे एकदा नाही, दोन-तीनदा. पिल्लाबरोबर बसून काही कळत नाही, वाढलेल्या कुत्र्याशीच बसलं पाहिजे. ब्रीडरने आई दाखवायला टाळाटाळ केली, ‘ती गावाला आहे’ वगैरे, तर चहा न पिता उठायचं. आईबाप दोघांचे खुब्याचे एक्स-रे आणि डोळ्यांच्या त्या आजाराची डीएनए चाचणी मागायची. जमलं नाही तर पिल्लू परत घेईन, हे लेखी घ्यायचं.

कागद मिळाले तर फोटो काढून मला पाठव, एक्स-रे तर पाठवच. खुब्याची खोबण किती उथळ आहे ते मी बघून सांगतो. तोवर सईला टोकन देऊ देऊ नकोस. वहिनींना नमस्कार.

तुझा,
नंदू