लातूरच्या गंजगोलाईतल्या मावशींना, काट्यावाल्याकडून

ती. स्व. मावशी,
सा. नमस्कार.

हे पत्र तुम्ही वाचणार नाही. नात मोबाइलवर वाचून दाखवील, आणि मधेच गिऱ्हाईक आलं की तुम्ही तिला "थांब गं" म्हणाल. चालेल. उघड्यावर लिहितोय ते मुद्दाम. गोलाईला सोळा रस्ते येऊन मिळतात, त्यावरून रोज तुमच्या गाड्यासमोरून जाणाऱ्यांनाही कळू द्या.

२०२३ चा ऑगस्ट तुम्हाला आठवत असेल. महिनाभर आभाळाकडं बघून माना दुखल्या. आमच्या औशाकडं सोयाबीन ऐन फुलात सुकत होतं आणि हिरवं दिसत होतं ते अर्ध्या एकरातलं ड्रॅगन फ्रूटच. निवडुंगाच्याच कुळातलं झाड ते. दिवसा अंगाची छिद्रं मिटून बसतं आणि रात्री गारव्याला उघडतं, म्हणून थोडक्या पाण्यात भागतं. २०२१ च्या पावसाळ्यात अडीचशे खांब रोवले, खांबाला चार रोपं, वर सिमेंटची कडी. तेव्हा आबा म्हणाले होते, "बांधावरचा निवडुंग उपटण्यात आमची हयात गेली, अन् हे पोरगं खड्डे खणून लावतंय." उन्हाळ्यात फांद्या उन्हानं पिवळ्या पडल्या, केओलिनचं, म्हणजे पांढऱ्या मातीचं, पाणी फवारलं, तेव्हा तर गाव बघायला आलं, निवडुंगाला चुना कोण लावतं म्हणून.

ते सगळं निभावलं. अडलं ते विकताना. एका व्यापाऱ्यानं फळ कापलं, तोंडात टाकलं, बाजूला थुंकलं आणि जो भाव सांगितला त्यात कॅरेटचं भाडंही निघत नव्हतं. दोन कॅरेट परत टमटममध्ये टाकून मी गोलाईत आलो. तुमच्याकडं का थांबलो? तुमच्या गाड्याला सावली होती, एवढंच.

तुम्ही पेरू आणि डाळिंबं विकत होता. न विचारता माझं एक फळ उचललंत, सुरीनं उभं चिरलंत, फोड चावलीत. "पानी हाय नुसतं," म्हणालात. मला राग आला. मग विचारलंत, "कवा तोडलं?" मी म्हणालो, लाली धरली की लगेच, नाहीतर पाखरं ठेवत नाहीत. त्यावर तुम्ही जे बोललात ते मी घरी शंभरदा सांगितलंय: "आंबा हाय का ह्यो, आडीत घालून पिकायला?"

मावशी, दोन वर्षं मी व्हिडिओ बघत होतो. खांबाची उंची, ठिबक, खत, सगळं पाठ. पण तोडलेलं ड्रॅगन पुढं पिकत नाही, गोडी झाडावरच भरते, हे डोक्यात शिरलं ते त्या दिवशी. तुम्ही पुढचं विचारलंत, फूल लागून दिवस किती झाले? मला सांगता येईना. बहार तर जूनपासून पार दिवाळीपर्यंत टप्प्याटप्प्यानं येतात, एकाच फांदीवर कळी, फूल आणि फळ. कुठलं कधीचं, कसं कळणार?

"दोरा बांधायला काय झालं?" म्हणालात.

त्या रात्रीपासून आईच्या लोकरीचे गुंडे शेतात गेले. हे फूल एका रात्रीचं. अंधार पडला की उमलतं, हाताच्या पंजाएवढं पांढरं, आणि सकाळी ऊन चढलं की मलूल होतं. मी बॅटरी घेऊन ब्रशनं पराग फिरवायचो, बायको मागून दोरा बांधायची. पहिल्या बहाराला पिवळा, पुढच्याला निळा. आबा बांधावर बसून म्हणायचे, लग्न लावताय का काय. बत्तीस-तेहतीस दिवस मोजले, लाली आल्यावरही चार-पाच दिवस धीर धरला, फळांवर जाळीच्या पिशव्या घातल्या आणि तुमच्याकडं आणलं. तुम्ही चावलंत आणि काहीच बोलला नाहीत. दुसरी फोड उचललीत. मला समजायचं ते समजलं.

विकायची तऱ्हाही तुमचीच. बर्फाच्या लादीवर कापून ठेवायचं, कारण गार केल्याशिवाय त्याची चव उठत नाही. आधी फोड हातावर, मग भाव. लाल गराचं घेणाऱ्या प्रत्येकाला बजावायचं, "उद्या सकाळी लाल दिसंल, भिऊ नगा." तुम्ही सुटीवर होता त्या आठवड्यात मी हे सांगायचं विसरलो, तर एक गुरुजी भल्या पहाटे फोनवर! रक्त जातंय म्हणून तपासणीला निघाले होते. बिटासारखाच रंग आहे हो, म्हणून थांबवलं.

पण आभार खरे मानायचेत ते सप्टेंबरातल्या एका संध्याकाळचे. डेंग्यूची साथ होती. एक बाई घाबरीघुबरी आली, पोराच्या प्लेटलेट उतरल्यात, कुणी ड्रॅगन सांगितलंय, दहा किलो द्या. माझा हात पिशवीकडं गेला होता, मावशी. खोटं कशाला सांगू. माल पडून होता, भाव तिनं विचारलाही नव्हता. तुम्ही माझ्या हातावर हात ठेवलात आणि तिला म्हणालात, "बाई, ह्ये फळ हाय, औषध न्हाई. डॉक्टर सांगंल तसं कर. लेकराला आवडलं तर दोन घेऊन जा." तिनं दोनच नेली. मला त्या रात्री झोप आली नाही, आणि तुमचा रागही आला नाही.

नंतर ती पोराला घेऊन आली होती, तुम्हाला आठवत असेल. आता दर बहाराला येते.

मंगळवारी चार कॅरेट घेऊन येतो, हिरव्या दोऱ्याची. परवाच्या पावसानं काही फळं झाडावरच तडकली आहेत. ती विकायची नाहीत, सगळ्यात गोड तीच असतात म्हणून घरची पोरं पळवतात. तुमच्या नातीसाठी दोन लपवून ठेवलीत, आबांपासूनसुद्धा.

तुमचा,
काट्यावाला