दिवे मालवायला लावणाऱ्या सिस्टरांस

आदरणीय सिस्टर,

सादर नमस्कार.

आपले नाव आणि आपण ज्या सरकारी रुग्णालयातून निवृत्त झालात त्याचे नाव कुठेही येऊ द्यायचे नाही, अशी आपली ताकीद आहे. मानधनाचे पाकीट आपण न उघडताच परत केलेत आणि रिक्षाचे भाडे तेवढे मोजून घेतलेत. तेव्हा आभार मानायला हे उघडे पत्र एवढाच मार्ग आम्हाला उरला.

दुर्बिणीतून जठरावर शस्त्रक्रिया करताना लागणारा स्टेपलर बनवण्याच्या खटपटीत आमची चार-पाच अभियंत्यांची मंडळी भोसरीच्या एका शेडमध्ये गुंतलेली आहे, हे आपण जाणताच. इतर वाचकांसाठी थोडे सांगतो. १२ मिलिमीटरच्या नळीतून हे लांब दांड्याचे हत्यार पोटात जाते, त्याचा जबडा जठराची घडी पकडतो आणि मूठ दाबली की टायटॅनियमच्या बारीक पिनांच्या दोन्ही बाजूंना तीन-तीन रांगा बसतात व मधून पाते फिरते. कापणे आणि शिवणे एकाच फटक्यात होते. वजन कमी करण्यासाठी जठर उभे कापून त्याची अरुंद नळी करतात, त्या शस्त्रक्रियेत जबड्यात बसवायची, पिनांनी भरलेली ६० मिलिमीटरची अनेक कार्ट्रिज एकामागून एक लागतात. जठराची भिंत सगळीकडे सारखी नसते. वरच्या टोकाला ती पातळ असते आणि खाली आतड्याकडे उतरताना जाड होत जाते. म्हणून पिनांची मापे वेगळी आणि मापागणिक कार्ट्रिजचे रंगही वेगळे. रूढ पद्धतीत पांढऱ्या कार्ट्रिजच्या पिना मिटल्यावर १ मिलिमीटर, निळ्याच्या १.५ आणि हिरव्याच्या २ मिलिमीटर उंचीच्या राहतात. जाड भागात आखूड पीन पडली तर ती नीट मिटत नाही आणि पातळ भागात उंच पीन पडली तर टाक्यातून पाझर होऊ शकतो.

आमचा स्टेपलर पारखायला आपण पहिल्यांदा आलात तेव्हा आमच्याकडे कागदांची चळत तयार होती. खाटकाकडून आणलेली डुकराची जठरे आम्ही स्टेपलरने कापली होती, त्यांत निळे पाणी भरून ती कोणत्या दाबाला पाझरतात याच्या नोंदी केल्या होत्या आणि आकडे बघून आम्ही खुशीत होतो. आपण कागद बाजूला सारलेत, ट्रेमधल्या जठराला बोट लावलेत आणि विचारलेत, ‘पेशंटचे पोट फ्रीजमधून येते काय हो?’ थंड मांस ताठ असते, जबड्याखाली वेगळे दबते, हे आम्हाला पुस्तकातून ठाऊक होते. तरीही सकाळी फ्रीज उघडून ट्रे बाहेर काढायचा आणि लगेच चाचणीला लागायचे, हा आमचा शिरस्ता कोणालाच खटकला नव्हता. त्या दिवसानंतर प्रत्येक जठर ३७ अंशांच्या सलाइनमध्ये ठेवून मगच चाचणीला घेतले जाते. जुने सगळे आकडे आम्ही बाद केले. त्या रात्री आपल्याविषयी शेडमध्ये फार प्रेमाने बोलले गेले नाही, हेही प्रामाणिकपणे सांगून टाकतो.

पण खरी गोष्ट दिव्यांची. कार्ट्रिज भरण्याचे काम डॉक्टर करत नाहीत, ते ट्रॉलीपाशी उभी असलेली सिस्टर करते, आणि दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेत पडद्यावरचे चित्र स्पष्ट दिसावे म्हणून खोलीतले दिवे मंद केलेले असतात. आम्ही मात्र रंगांची चाचणी ट्यूबलाइटच्या लख्ख उजेडात घेत होतो. आपण सहा नंबरचे हातमोजे चढवलेत, हात सलाइनमध्ये बुडवलेत, शेडमधले दिवे मालवायला लावलेत आणि फक्त एका मॉनिटरच्या उजेडात ‘आता हिरवे द्या’ म्हणून आमच्यातल्या एकापुढे हात केलात. त्याने ठामपणे निळे कार्ट्रिज आपल्या हातात ठेवले. आपण काहीच बोलला नाहीत, ते तसेच तळहातावर धरून दिवा लागण्याची वाट पाहत राहिलात. माप छापलेले होते, पण इतक्या बारीक अक्षरांत की दोष त्याच्या डोळ्यांना देता येण्यासारखा नव्हता. त्यातच ओल्या मोज्यांत आपल्या हातून खटका दोनदा निसटला, कारण ती मूठ आम्ही साडेसात नंबरचा मोजा घालणाऱ्या पुरुषाच्या पंजावर बेतली होती.

ही बाब किरकोळ नाही. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २०१९ मध्ये जाहीर केलेल्या माहितीनुसार, जानेवारी २०११ ते मार्च २०१८ या काळात शरीराच्या आत वापरायच्या स्टेपलर व पिनांविषयी ४१,००० हून अधिक अहवाल तिथे दाखल झाले होते. त्यांत ३६६ मृत्यूंचे आणि ९,००० हून अधिक गंभीर इजांचे होते. टाक्यांची रांग उघडणे, पिना नीट न मिटणे यांच्याबरोबरच चुकीच्या मापाच्या पिना वापरल्या जाणे हाही प्रकार त्यांत नोंदलेला आहे. २०२१ मध्ये त्यांनी हे उपकरण सर्वांत कमी जोखमीच्या वर्गातून काढून वरच्या वर्गात टाकले. ही आकडेवारी आमच्या फायलीत पहिल्यापासून होती. मात्र तो ‘चुकीच्या मापाचा’ प्रकार नेमका कोणाच्या हातून आणि कशा उजेडात घडत असेल, याचा विचार आम्ही केला नव्हता. आता आमच्या प्रत्येक कार्ट्रिजवर रंगाखेरीज ठळक आकडा आहे आणि बोटाला लागतील अशा खाचा आहेत: पांढऱ्याला एक, निळ्याला दोन, हिरव्याला तीन.

तिसरी सूचना आपण निघता निघता, चपला घालताना केलीत. भूलतज्ज्ञाने तोंडावाटे जठरात सोडलेली नळी वेळेवर मागे घेतली गेली नाही, तर स्टेपलर तीही जठराबरोबर कापतो, शिवतो, आणि म्हणून स्टेपलरची मूठ पहिल्यांदा दाबली जाण्याआधी आपण नेहमी मोठ्याने ‘ट्यूब मागे घेतली का?’ असे विचारत आलात. आम्ही दुसऱ्याच दिवशी जठरात नळी घालून पाहिले. आमचे यंत्र जराही न अडखळता ती कापत गेले. जबड्यात काही कठीण आले तर मूठ दाबलीच जाऊ नये, यासाठी आता काम चालू आहे; ते अजून मनासारखे जमलेले नाही. तोवर वापराच्या सूचनांमध्ये पहिल्या पानावर, चौकटीत, आपलाच प्रश्न जसाच्या तसा छापला आहे.

डॉ. तेहेमटन उडवाडिया यांनी १९९० मध्ये मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात दुर्बिणीतून पित्ताशय काढले, ती भारतातली अशी पहिली शस्त्रक्रिया. पुढे काही वर्षांनी आपल्या रुग्णालयात दुर्बीण आली तेव्हा ती हाताळायला कोणी शिकवले नाही, बघून बघूनच शिकावे लागले, असे आपण चहा पिताना सांगितले होते. तसे बघून शिकलेले आपण आम्हाला तीन दुपारी बसून शिकवलेत, याबद्दल आम्ही सर्वजण आपले मनःपूर्वक ऋणी आहोत.

वैद्यकीय उपकरण नियम, २०१७ प्रमाणे रुग्णांवरील चाचणीची परवानगी मागण्याआधी आम्हाला शेडमधली एक फेरी पुन्हा करायची आहे. नवी, लहान मूठ तयार आहे. आपल्या सवडीने एखादी दुपार कळवावी. सहा नंबरचे मोजे आणून ठेवले आहेत, सलाइन कोमट असेल आणि दिवे आपण येण्याआधीच मालवलेले असतील.

आपला कृतज्ञ,
निळ्याला हिरवे समजलेला अभियंता