परभणी स्टँडवरच्या कंट्रोलर मामांना

रामराम मामा,

मोबाईलवरचं लांबलचक वाचायचा तुम्हाला कंटाळा. म्हणून हे सगळ्यांसमोर लिहितोय, कुणीतरी वाचून दाखवेलच.

२००१ साली राज्य नाट्य स्पर्धेत नांदेडला आमचं नाटक होतं. माझी पहिलीच भूमिका, जेमतेम ११ वाक्यं. तिसऱ्याच वाक्याला मागून कुणीतरी ओरडलं, "आवाज!" मग दुसरा. मग अख्खी मागची रांग. त्या रात्री शेवटच्या गाडीनं परभणीला उतरलो. गावाकडची गाडी सकाळी होती, म्हणून तुमच्या खिडकीखाली पिशवी उशाला घेऊन पडलो. तोंड बघून तुम्ही विचारलंत, "काय रे, घरी कुणी गेलं का?" आणि चहा पाजलात.

पुढचे आठ-नऊ महिने दर शनिवारी रात्री मी तिथंच. साहेब नसले की तुम्ही माईक माझ्यापुढं सरकवायचात. "परभणीहून गंगाखेडमार्गे परळीला जाणारी गाडी फलाट क्रमांक तीनवर लागलेली आहे." तुमचं एकच टुमणं, "वरडू नको. पानपोईपाशी म्हातारी बसलीय ना, तिला सांगायलास असं समज. आन् शेवटचा शब्द खाऊ नको. गावाचं नावच गिळलंस तर मानूस भलत्याच गाडीत बसंल." एकदा बटण बंद करून म्हणालात, "आता बिगरमाईकचं." मी म्हटलं, आणि म्हातारी गाठोडं उचलून फलाटाकडे निघालीसुद्धा! गाडी लागलेलीच नव्हती. तिच्या शिव्या तुम्ही खाल्ल्यात.

नंतर औरंगाबादला (तेव्हा औरंगाबादच म्हणायचो) विद्यापीठाच्या नाट्यशास्त्र विभागात शिकलो. एकट्यानं ५२ पात्रं उभी करणाऱ्या लक्ष्मण देशपांडे सरांचा हा विभाग. पोटातून श्वास, शब्दफेक, वाक्याचा शेवट न पाडणं... म्हातारी तीच, नाव तेवढं शास्त्रातलं.

मग मुंबई. अल्फा मराठी १९९९ ला आणि ई टीव्ही २००० ला आल्यापासून रोजच्या मालिका वाढल्या होत्या, आमच्यासारख्यांना गडी, हवालदार, पाहुणा अशी कामं मिळायची. पहिल्याच दिवशी दिग्दर्शक खेकसले, "अरे हळू! एसटी स्टँड आहे का हा?" मला इतकं हसू आलं की आणखी दोन टेक गेले. कॉलरला माईक लावल्यावर कुजबुजही पुरते, हे शिकायला वर्ष गेलं. १३-१३ तासांची शिफ्ट आणि पैसे तीन महिन्यांनी. तेही मागावे लागले तर वेगळंच. नाटकाची नाईट मात्र प्रयोग संपला की पाकिटात हातात पडायची. (नाईट म्हणजे प्रयोगाचं मानधन, मामा. तुमची रात्रपाळी नव्हे.) टीव्हीमुळे लोक चेहरा ओळखायला लागले, पण खोलीचं भाडं कितीतरी वर्षं त्या आवाजानंच भरलं.

मुलाखतीत गुरू कोण असं विचारलं की मी विभागाचं नाव सांगत आलो. ते खोटं नाही. पण स्टँडचं नाव कधी घेतलं नाही. तुमच्या नोकरीवर येईल म्हणून गप्प आहे, अशी मनाची समजूत घालायचो. तुम्ही रिटायर झालात तरी गप्पच होतो, म्हणजे लाजच वाटत होती. चुकलो.

पुढच्या महिन्यात नांदेडला प्रयोग लागलाय. भाचेबुवा गाडी घेऊन न्यायला येतील. तुमच्यासाठी शेवटच्या रांगेतली खुर्ची धरलीय. ऐकू नाही आलं तर बिनधास्त ओरडा.

तुमचा,
११ वाक्यंवाला