रिस्क घेत नाही म्हणता, मग हे काय चाललंय?

मा. संपादक,
स.न.वि.वि.

मराठी माणूस रिस्क घेत नाही, हा लेख दर दोन-चार महिन्यांनी कुठल्या ना कुठल्या पेपरात येतोच, तुमच्याकडेही येतो, फक्त लेखक बदलतो. आत मजकूर ठरलेला, गुजराथी बघा, मारवाडी बघा, सिंधी हात हलवत आले आणि कुठं गेले बघा, आणि आपण मात्र नोकरी नोकरी करत बसलो. व्हॉट्सअॅपवर तोच लेख तीन ग्रुपवर फिरतो आणि खाली अंगठे देणारे सगळे पेन्शनर. मी पण पेन्शनरच, बँकेत होतो, सांगली जिल्ह्यातल्या शाखांमधून लोनचं टेबल सांभाळत आयुष्य गेलं. त्यामुळे कोण किती धाडसाचा आणि कोण किती भित्रा हे कागदावर सही करताना हात बघून कळायचं, आणि म्हणूनच हा लेख वाचला की डोकं फिरतं.

आता आमच्याकडची द्राक्षबागच घ्या. तासगाव, मिरज, कवठेमहांकाळ, तिकडं पलूस. ऑक्टोबरला छाटणी झाली की तिथून पुढं माल निघेपर्यंत माणूस झोपत नाही. मोबाईलवर हवामान बघायचं, ढग आला की पहाटे चारला उठून ब्लोअर जोडायचा, डाऊनी, म्हणजे बुरशीचा रोग, येतोय का म्हणून पान उलटं करून बघायचं. एकरी काही लाख घातलेले असतात आणि त्यातला मोठा भाग सोसायटीचं कर्ज, बँकेचं कर्ज, आणि औषधाच्या दुकानाची उधारी जिचा हिशोब सीझन संपल्यावरच कळतो. 2019 ला ऑगस्टात कृष्णेचा महापूर, मग लांबलेला पाऊस, त्यातनं जो माल वाचला तो काढायच्या वेळेला 2020 च्या मार्चात लॉकडाऊन. गाड्या बंद, मार्केट बंद, लोकांनी मिळेल त्या रॅकवर माल टाकून बेदाणा केला. आणि सगळं नीट होऊन माल गेला तरी व्यापारी पैसे बुडवून पळाला ही बातमी आमच्याकडं दरवर्षी येते, त्यात नवीन काही नाही. तरी पुढच्या ऑक्टोबरला छाटणी होतेच. हा माणूस रिस्क घेत नाही असं म्हणायचं असेल तर मग रिस्क कशाला म्हणायचं ते एकदा सांगा.

शेती ही नाइलाजाची रिस्क, धंद्याची वेगळी, असं कोणी म्हणेल. ठीक. मग विट्याकडं या. खानापूर, आटपाडी हा दुष्काळी पट्टा, वर्षानुवर्षं पाण्याची बोंब. इथली पोरं पिढ्यान्‌पिढ्या घराबाहेर पडली आणि देशभर गलाईच्या धंद्यात शिरली. गलाई म्हणजे सराफाकडचं जुनं सोनं-चांदी वितळवून, अॅसिडमध्ये घालून शुद्ध करून देणं. तामिळनाडू, केरळ, बंगाल, युपी, कुठल्याही शहराच्या सराफ गल्लीत जा आणि भट्टी पेटलेली दिसली तर मराठीत हाक मारून बघा, बऱ्याच ठिकाणी ओ देणारा खानापूर-आटपाडीकडचा निघेल. पोरगं सतरा-अठराचं, दहावी पास नाहीतर नापास, भाषा येत नाही, मामाच्या नाहीतर गावातल्या कुणाच्या तरी दुकानात भट्टीपुढं बसायचं, अॅसिडचा धूर नाकातोंडात, वर खोली तीत पाच-सहा जण, आणि हातात दुसऱ्याचं सोनं. काही वर्षं असं काढलं की मालकच म्हणायचा, अमुक गावात सराफांची पेठ वाढतीय, तिथं गाळा बघ. सुरुवातीचे पैसे तोच द्यायचा आणि तिथल्या सराफाला शब्दही तोच टाकायचा, की पोरगं आपलं आहे. त्या शब्दावर अनोळखी गावातला सराफ किलोच्या हिशोबात चांदी सोडून जायचा, पावती असली तर असली.

ही मारवाड्यांची गोष्ट नाही, मराठी शेतकऱ्यांच्या पोरांची आहे. पण तुमच्या त्या लेखांत गलाईवाले कधी येत नाहीत, कारण ते आले की लेखच पडतो. आमच्या पोरांत धाडस नव्हतं हे खोटं आहे. धाडस होतंच, आणि जिथं पाठीशी उभा राहणारा कोणीतरी होता तिथं ते चाललं. मारवाडी आणि कच्छी समाजाचंही हेच आहे की. त्यांच्यातला पोरगा दुकान टाकतो तेव्हा उधारीवर माल देणारा होलसेलर ओळखीचा असतो, दुकान बसलं तर काका दुसऱ्या गावात गल्ल्यावर बसवतो, आणि दोन वर्षांनी तो परत नवीन दुकान टाकतो. आपण फक्त दुकान बघतो, काका बघत नाही.

आमच्याच जिल्ह्यातलं किर्लोस्करवाडीचं उदाहरण तर भाषणात हमखास असतं. लक्ष्मणराव किर्लोस्कर मुंबईत व्हीजेटीआय या तंत्रशिक्षण संस्थेत शिकवायचे, नोकरी सोडली, बेळगावला सायकलचं दुकान, मग लोखंडी नांगर. इथपर्यंत सगळे सांगतात आणि टाळ्या घेतात. सुरुवातीला तो नांगर शेतकरी घ्यायलाच तयार नव्हते, लोखंडानं जमीन नासते म्हणायचे, आणि माल पडून राहिला होता, हेही कोणी कोणी सांगतात. पण बेळगावची जागा सोडायची वेळ आली तेव्हा औंध संस्थानच्या राजांनी, पंतप्रतिनिधींनी, कुंडल रोड स्टेशनजवळ माळरान दिलं, वर भांडवलाला पैसेही दिले आणि 1910 ला कारखाना उभा राहिला, हा भाग भाषणात एका वाक्यात उरकतात. लक्ष्मणरावांचं कर्तृत्व यानं तसूभर कमी होत नाही. माझं म्हणणं एवढंच की धाडस एकाचं होतं आणि पाठीवर हात दुसऱ्याचा होता, आणि आपण पोरांना फक्त पहिल्याचं नाव सांगतो.

आता सेफ म्हणून काय चाललंय ते बघू. पुण्यात सदाशिव पेठ, नवी पेठ, शास्त्री रोड, अभ्यासिका फुल्ल. 2023 ची तलाठी भरती, जागा साडेचार हजारांच्या आसपास आणि अर्ज दहा लाखांच्या वर. 2024 ला पोलीस भरती निघाली, 17,471 जागा आणि अर्ज 17 लाखांच्या वर. यात एमपीएससीवाला तर पाच-सहा वर्षं सहज घालवतो, रूम, मेस, अभ्यासिका, क्लास, टेस्ट सिरीज धरून महिन्याला दहा-बारा हजार पकडा, म्हणजे सात-आठ लाख घरच्यांनी घातले आणि पोरानं पंचविशीची सगळी वर्षं घातली. परीक्षा पुढं ढकलली म्हणून 2021 च्या मार्चात हीच पोरं रस्त्यावर बसली होती, आणि पॅटर्न बदलला म्हणून 2023 ला परत. नियम खेळ चालू असताना बदलतोय, जिंकायची शक्यता शंभरात एकाचीही नाही, आणि हरलं तर हातात काही उरत नाही. एवढा मोठा जुगार आमच्या जिल्ह्यात दुसरा कुठला नसेल, पण घरी याला म्हणतात "पोरगं तयारी करतंय" आणि छाती फुगवून सांगतात. तेच सात-आठ लाख घेऊन पोरगं म्हणालं की फॅब्रिकेशनचं शेड टाकतो, तर आईच्या पोटात गोळा येतो.

असं तयारी करून परत आलेलं पोरगं आमच्या टेबलापुढं यायचं, वय तीस-बत्तीस, मुद्रा लोनचा फॉर्म भरून. झेरॉक्स आणि ऑनलाईन फॉर्मचं सेंटर टाकायचं म्हणून. शिक्षणाचा रकाना भरगच्च आणि अनुभवाच्या रकान्यात नुसती आडवी रेघ. ती रेघ मारताना पेन दाबून मारलेलं असायचं, कागदाच्या मागून हात फिरवला तरी लागायचं.

आणि आमच्या बँकांचं सांगायचं तर तिथंही तेच. पगाराची स्लिप घेऊन आलेल्या माणसाला लग्नासाठी, गाडीसाठी पर्सनल लोन दोन दिवसांत. लेथ मशीनसाठी आलेल्याला प्रोजेक्ट रिपोर्ट, कोटेशन, भाडेकरार, तीन वर्षांचे रिटर्न, आणि शेवटी हळूच, "घर कोणाच्या नावावर आहे?" छोट्या उद्योगाला ठरावीक रकमेपर्यंत तारण मागायचं नाही असा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे, विनातारण कर्जाला सीजीटीएमएसई या सरकारी ट्रस्टची गॅरंटी 2000 सालापासून आहे, सगळं खरं. पण लोन एनपीए झालं, म्हणजे थकलं, की चौकशी मॅनेजरची लागते, आणि चांगला धंदेवाला माघारी पाठवला म्हणून आजपर्यंत कुठल्या मॅनेजरला मेमो मिळालेला मी तरी बघितला नाही. मग तो सेफ खेळणार नाहीतर काय करणार.

पतसंस्थेत आणि सहकारी बँकेत तर जामीनदार लागतात, दोन, आणि पगारदार असले तर उत्तम. त्यामुळे आमच्याकडं झेडपीच्या शाळेतल्या मास्तरला आणि साखर कारखान्यातल्या परमनंट माणसाला सगळ्यात जास्त नमस्कार घडतात. "मास्तर, एक सही पाहिजे होती." मास्तरही भिडेपोटी करतात. धंदा बसला की नोटीस मास्तरच्या शाळेत येते, पगारातून कपात चालू, स्टाफरूममध्ये चर्चा, मास्तरच्या घरी भांडण, आणि दोन्ही घरांचं जाणं-येणं बंद. बुडालेला माणूस बँकेला एवढा घाबरत नाही जेवढा मास्तरला रस्त्यात बघून घाबरतो. गल्ली बदलून जाणारे बघितलेत मी. सांगायचं हे की आपल्याकडं धंदा एकटा बुडत नाही, तो दोन जामीनदार, बायकोचा सोन्याचा डाग आणि भावाच्या सातबारावरचा बोजा घेऊन बुडतो, मग त्या सगळ्या माणसांनी आधीच "नको रे बाबा, नोकरी बघ" म्हटलं तर त्यात मानसिकता-बिनसिकता काही नाही, ती त्यांची साधी आकडेमोड आहे.

लग्नाचं वेगळं सांगायला नको. बायोडेटात "स्वतःचा व्यवसाय" दिसलं की मुलीकडचे विचारतात, म्हणजे नक्की काय? पाहिजे सरकारी, नाहीतर पुण्यात आयटी, फ्लॅट, आणि गावाकडं शेती पाहिजेच, फक्त ती मुलानं करायची नाही. 2022 च्या डिसेंबरात सोलापूरला पोरांनी मुंडावळ्या बांधून घोड्यावर बसून कलेक्टर ऑफिसवर मोर्चा काढला, मागणी मुलींचं घटलेलं प्रमाण आणि गर्भलिंगनिदानाच्या कायद्याची होती आणि ती रास्तच आहे, पण त्या घोड्यांवर सरकारी नोकरीवाला एखादा तरी होता का, मला शंका आहे. मुलीच्या बापाला मी दोष देत नाही. पोरगी द्यायची म्हटल्यावर तो बघणार की उद्या याचं बसलं तर हिचं काय.

आणि बसलं तर खरंच काय, हे कोणी लिहीत नाही. 2016 ला दिवाळखोरीचा नवीन कायदा आला, त्याचा एवढा गवगवा झाला, मोठ्या कंपन्यांची हजारो कोटींची कर्जं त्यात निम्म्याहून कमीत मिटली. पण स्वतःच्या नावावर धंदा करणारा साधा प्रोप्रायटर, वर्कशॉपवाला, किराणावाला, यांच्यासाठीचा त्याच कायद्यातला भाग अजून लागूच केलेला नाही, फक्त कंपनीच्या कर्जाला व्यक्तिगत गॅरंटी देणाऱ्यांपुरता 2019 च्या डिसेंबरपासून चालू केला. बाकीच्यांना अजून इंग्रजांचा 1920 चा कायदा आहे. त्या कायद्यानं रीतसर मोकळा होऊन परत उभा राहिलेला छोटा धंदेवाला माझ्या टेबलापुढं कधी आला नाही. कंपनी बुडाली तर हेअरकट, म्हणजे बँक थोडं कर्ज सोडून देते, आणि कुपवाडच्या एमआयडीसीतला एकटा माणूस बुडाला तर वर्षानुवर्षं सिबिल खराब. हाच माणूस बहुतेक वेळा स्वतःच्या चुकीनं बुडालेलाही नसतो, मोठ्या कंपनीनं बिल चार-चार महिने लटकवलेलं असतं. 45 दिवसांत पैसे द्यायचे हा कायदा 2006 पासून आहे, आणि मागायला गेला तर पुढची ऑर्डर बंद.

तेव्हा संपादक साहेब, एक विनंती. धंद्यात पडा, बिनधास्त उडी मारा, असं पोरांना शिकवणारी पानं भरपूर झाली, आणि ते लिहिणारे बहुतेक स्वतः पगारी असतात हा भाग सोडून देऊ. पुढच्या वेळी यशस्वी उद्योजकांची पुरवणी काढाल तेव्हा त्यांना एवढं नक्की विचारा की पहिले पैसे कोणी दिले, घर त्या काळात कोणाच्या पगारावर चाललं, आणि बुडाला असता तर कोणाच्या दारात जाणार होता. इन्फोसिसचे पहिले 10,000 नारायण मूर्तींच्या बायकोनं दिले होते हे तिथं ते लपवत नाहीत, आपलेच लोक का लपवतात कळत नाही. आणि त्याच पुरवणीत एक रकाना बुडालेल्यांसाठी ठेवा. नाव छापू नका, गाव पण नको. किती घेतलं, कोणाकडून घेतलं, कशामुळं बसलं आणि किती वर्षं फेडलं, एवढं छापलं तरी चालेल. असे लोक मिळत नाहीत म्हणाल तर कुठल्याही पतसंस्थेच्या वसुली खात्यात जाऊन बसा, दुपारपर्यंत पान भरेल.

आपला,
एक निवृत्त बँक कर्मचारी, मिरज