जर्मनीतल्या क्वेडलिनबुर्गच्या काकूंना

नमस्कार काकू,

तुमचं नाव विचारायचं राहूनच गेलं. निळा रेनकोट, हातात पावाची कागदी पिशवी, एवढीच तुमची ओळख माझ्याजवळ आहे. बाजारचौकात रोलांड या जुन्या सरदाराच्या पुतळ्यासमोर बाकावर बसलेल्या साडीतल्या बाई तुम्हाला आठवत असतील. ती माझी आई.

त्याआधीचे आठ दिवस आम्ही एका सहल कंपनीबरोबर फिरत होतो. पैसे घेताना आईचं वय त्यांना चाललं. पहिल्याच गावात ती मागे पडली, तेव्हा त्यांचा माणूस सगळ्यांसमोर म्हणाला, "आजींना गाडीतच बसू द्या, सगळ्यांचा खोळंबा होतो." पुढची दोन गावं आईनं बसच्या काचेतून पाहिली. तो राग अजून गेलेला नाही. तेव्हापासून आई स्वतःच म्हणायला लागली, "तू जाऊन ये, मी बसते इथं." याचं मला जास्त वाईट वाटलं.

तुमचं गाव मात्र तिला बघायचंच होतं. चौतीस वर्षं नर्स होती ती, आणि तुमच्याच गावच्या डोरोथेआ एर्क्सलेबनचं नाव तिच्या मनात कधीचं बसलेलं. १७५४ साली, घरातली स्वतःची आणि सावत्र मुलं सांभाळून, जर्मनीत वैद्यकीची पदवी मिळवणारी पहिली स्त्री. आपल्या आनंदीबाईंच्या १३२ वर्षं आधी! म्हणून सहल संपल्यावर आम्ही दोघीच बर्लिनहून आलो.

आईच्या तोंडून "डोरोथेआ" ऐकलंत आणि तुमचा चेहरा असा खुलला की माझ्या मोडक्या जर्मनचं काही अडलं नाही. टेकडीवरच्या चर्चकडे बोट दाखवलंत. आई म्हणाली, मी बसते. तुम्ही आग्रह केला नाहीत, तिचा दंडही धरला नाहीत. नुसतं कोपर पुढं केलंत.

मग दर वीस-पंचवीस पावलांवर तुमचं सुरू झालं, "शाउएन झी माल", जरा हे बघा. एका घराच्या तुळईवर कोरलेलं अर्धचक्र. आईनं त्यावरून बोट फिरवलं, आमच्या जुन्या वाड्याची आठवण सांगितली, ती तुम्ही एक अक्षर न कळता ऐकलीत. मग टेकडीच्या पायथ्याचा तो छोटा चौक, जिथं पाखरं धरत बसलेल्या हाइनरिशला, पुढं जर्मन राजा झालेल्या सरदाराला, राजमुकुट आणून दिला म्हणतात. पुढं खांबांवर पुढं आलेलं क्लॉपश्टॉक कवीचं घर. पूर्व जर्मनीच्या काळात यातली कितीतरी घरं पडायला आली होती, हे सांगताना तुम्ही एका भिंतीला हात टेकवून बराच वेळ उभ्या राहिलात. वर पोचल्यावर कळलं, ९३६ पासून आठशेहून अधिक वर्षं या टेकडीवर मठाधिकारी स्त्रियांचं राज्य होतं. आई चर्चच्या गारव्यात शांत बसली होती. धाप नव्हती, संकोच नव्हता.

मला वाटलं, तुम्हाला गावाचा फार अभिमान आहे. तो आहेच. पण परतीच्या गाडीत आई म्हणाली, "त्या बाई माझ्यासाठी थांबत होत्या गं. ऑपरेशन झालेल्या पेशंटला पहिल्यांदा चालवताना आम्हीपण असंच करायचो. दमलात का, असं विचारायचं नाही. खिडकीतलं झाड दाखवायचं, त्याचा श्वास खाली बसेपर्यंत."

मी रडले काकू. मुलगी असून मला हे दिसलं नव्हतं. आठ दिवस मी तिला "दमलीस का?" एवढंच विचारत होते. माणसाला आधार देताना त्याचा मान राखणं तुम्ही किती सहज केलंत, तेही एका परक्या बाईसाठी, सकाळचा पाव हातात गार होत असताना.

मनापासून आभार. आणि एक विचारायचंय, आईनं मुद्दाम लिहायला सांगितलंय: तुम्हीही नर्स होता का?

तुमची,
त्या साडीतल्या बाईंची लेक