गव्हाच्या पैशातली पुस्तकं

ती. आई-बाबांना साष्टांग नमस्कार,

फोनवर बाबा एकदम गप्प झाले, म्हणून सविस्तर लिहितोय. इथल्या अमेरिकन विद्यापीठातला आमचा दक्षिण आशिया अभ्यासगट बंद होतोय, हे खरं. पण मला कुणी काढलेलं नाही. पीएच.डी. इतिहास विभागाची आहे, ती चालू राहील. तेव्हा काकांना ‘पोरगा परत येतोय’ असं सांगत सुटू नका.

बाबा, ‘एवढी जुनी गोष्ट बंद कशी पडते?’ असं तुम्ही विचारलंत. अहो, ती आपल्यावरच्या प्रेमापोटी सुरू झालीच नव्हती. १९५७ मध्ये रशियाने स्पुटनिक सोडला, अमेरिकेला धडकी भरली आणि १९५८ च्या कायद्याने परक्या भाषांच्या अभ्यासासाठी सरकारी पैसा आला. भीती ओसरली तसा तो आटला. २०११ मध्ये मोठी कात्री लागली, २०२५ मध्ये उरलंसुरलंही थांबलं. आमचे सर निवृत्त झाले, त्यांची जागा भरलीच नाही. शेवटच्या सेमिनारला आम्ही चौघे होतो, त्यातला एक खोली चुकून आलेला.

इथली एक तऱ्हा सांगतो. नको असलेली पुस्तकं कॉरिडॉरमध्ये टेबलावर मांडतात, वर ‘घेऊन जा’ अशी चिठ्ठी. पैसे नाहीत, नोंद नाही, कुणाला विचारायचंही नाही. विचारलं तर समोरचाच ओशाळतो! मी पहिल्यांदा तीन जणांना विचारून आलो होतो. परवा आमच्या वाचनखोलीतली पुस्तकं तशी मांडली, तर सर जिन्यापाशी उभे, कोण काय उचलतं ते बघत. मी एक मराठी पुस्तक घेतलं. आत ‘पीएल-४८०’ चा शिक्का, म्हणजे अमेरिकेच्या धान्यमदतीच्या कायद्याचा. आजी रेशनच्या ज्या अमेरिकन गव्हाला नावं ठेवायची, त्याचे रुपये भारतातच अमेरिकेच्या नावावर साठत. १९६२ पासून त्यातूनच इथल्या ग्रंथालयांसाठी आपल्याकडची पुस्तकं घेतली गेली. पुस्तकाच्या मागे परतीच्या तारखांची चिठ्ठी असते, तिच्यावर शेवटची तारीख १९९१ ची. पुढची काही जोडलेली पानं कापून सुटी केलेलीसुद्धा नव्हती. सरांनी पुस्तकाकडे पाहिलं, काही बोलले नाहीत.

तब्येत उत्तम आहे. शिष्यवृत्ती मेपर्यंत, पुढे शिकवण्याचं काम मिळेल, जवळजवळ नक्की आहे. कर्जाचा हप्ता मात्र जूनपासून दोन-तीन महिने बाबांनी सांभाळावा. लगेच फेडतो.

ताईच्या लग्नाचं म्हणाल, तर व्हिसाचा शिक्का संपलाय. आलो तर नवा मिळेपर्यंत तिकडेच अडकेन. माझ्यासाठी मुहूर्त पुढे ढकलू नका. तिला मीच सांगेन, तुम्ही बोलू नका. आणि सोयऱ्यांनी विचारलं, तर ‘इतिहास शिकतो’ एवढंच सांगा.

तुमचा,
बाळू