बुथिडाँग बांगलादेशात नाही, मंत्रिमहोदय

माननीय मंत्रिमहोदय,

सप्रेम नमस्कार. मंगळवारी आपल्या खात्याचं पाकीट आलं. आठ महिन्यांनी. आत दोन ओळी: 'बुथिडाँग, बांगलादेश येथील आपल्या विनंतीवर कार्यवाही करणे या कार्यालयाच्या अखत्यारीत येत नाही.' खाली सही आणि गोल शिक्का.

बुथिडाँग बांगलादेशात नाही. ते म्यानमारच्या राखाइन प्रांतात, मयू नदीच्या काठी आहे. गावाच्या पश्चिमेला मयूचा डोंगर, डोंगरापलीकडे माउंगडॉ, मग नाफ नदी, आणि बांगलादेश तिच्याही पैलतीरावर. टायपिंगची चूक म्हणून मी सोडून दिलं असतं. पण तिथल्या रोहिंग्या मुसलमानांना याच वाक्याने घराबाहेर काढलंय: तुम्ही इथले नाही, तुम्ही बंगाली. 1982 च्या नागरिकत्व कायद्याने त्यांना बिनदेशाचं केलं, 2014 च्या जनगणनेत रोहिंग्या म्हणून त्यांची नोंदच घेतली नाही. आता तेच आपल्या शिक्क्यानिशी माझ्या घरी आलं.

1799 साली फ्रान्सिस बुकॅनन या इंग्रजी कंपनीच्या डॉक्टरने आराकानातले, म्हणजे आजच्या राखाइनमधले, मुसलमान स्वतःला 'रूइंगा' म्हणवतात असं लिहून ठेवलंय. 1961 मध्ये खुद्द बर्मा सरकारने बुथिडाँग-माउंगडॉ भागाचा वेगळा मयू सरहद्द जिल्हा केला होता. तीन वर्षांत गुंडाळला, ते सोडा.

माझा काय संबंध, असं आपल्या कारकुनाने खिडकीतून विचारलं होतं. सांगतो. मी रत्नागिरीचा, ब्रह्मदेशाच्या थिबा राजाला जिथे आणून ठेवलं त्या गावचा. तो 1916 साली इथे वारला, आणि त्याच सुमारास तिकडे इंग्रज माउंगडॉ-बुथिडाँग छोट्या रेल्वेसाठी डोंगरात दोन बोगदे खणत होते. पुढे रूळ काढून तिथे रस्ता झाला. दुसऱ्या महायुद्धात, 1944 मध्ये, जपानी त्या बोगद्यांशी ठाण मांडून बसले आणि आपली माणसं तिथे लढली. माझे आजोबा खेचरांच्या तुकडीत होते. जखमी होऊन मागे राहिले. नदीकाठच्या एका मुसलमान शेतकऱ्याने त्यांना घरात घेतलं, दोन दिवस भाताची पेज पाजली आणि गेल्यावर बांधावर पुरलं. त्यांच्या सोबत्याने परत येऊन आजीच्या हातात एक पोचा आलेलं टमरेल ठेवलं तेव्हा हे कळलं. आजीने मरेपर्यंत मंगळसूत्र काढलं नाही. टमरेल माझ्याकडे आहे, कडेला काळं पडलंय.

थडगं नसलेल्या सुमारे 27,000 सैनिकांची नावं रंगूनजवळ तौक्यानच्या युद्ध दफनभूमीतल्या खांबांवर कोरलीत. वडिलांना खांब नको होता, बांध पाहायचा होता. 2016 मध्ये आपल्याच खात्यातल्या एका साहेबांनी त्यांना शब्द दिला, 'परिस्थिती निवळली की सोय करू.' 2017 च्या ऑगस्टनंतर सात लाखांवर माणसं नाफ ओलांडून पळाली. 2019 मध्ये वडील गेले. मे 2024 मध्ये म्यानमारच्या लष्कराशी लढणाऱ्या आराकान आर्मीने बुथिडाँग घेतलं आणि त्याच दिवसांत गाव जळालं. आम्ही जाळलं नाही असं ती म्हणते, पळून आलेले रोहिंग्या तिचंच नाव घेतात. त्याआधी लष्कराने त्यांच्याच पोरांना जबरदस्तीने बंदुका देऊन पुढे उभं केलं होतं. ज्या घरात माझ्या आजोबाला पेज मिळाली ते घर आता आहे का, हे मी कोणाला विचारू?

आपल्याकडे अशा शेतकऱ्यांच्या नातवंडांना घुसखोर म्हणतात. 2025 च्या मे महिन्यात दिल्लीतून उचललेल्या रोहिंग्यांना जहाजातून समुद्रात उतरवल्याच्या तक्रारीवर संयुक्त राष्ट्रांच्या तज्ज्ञांनी चौकशी सुरू केली. पुष्पचक्रं वाहायला दरवर्षी सगळे येतात, मंत्रिमहोदय. माझ्या आजोबाला माती देणाऱ्यांच्या वाट्याला मात्र समुद्र का?

गुडघे धरून चार वेळा मुंबईला आलो. अडुसष्टाव्या वर्षी प्रवासाचा परवाना मागायला नाही. राखाइनमधलं सितवे बंदर भारताने बांधलं, मे 2023 मध्ये तिथे पहिलं जहाज लागलं. मयू नदी तिथून जवळच समुद्राला मिळते. तांदूळ आणि औषधं त्या नदीने वर जाऊ द्यावीत, असा शब्द आपण लष्कर आणि आराकान आर्मी, दोन्ही बाजूंकडे टाकावा, एवढंच मागितलं होतं.

सोबत आपलं पत्र परत पाठवतोय. दुरुस्त करून द्या. गाव बुथिडाँग, नदी मयू, प्रांत राखाइन, देश म्यानमार. मग 'अखत्यारीत नाही' लिहायचं असेल तर तेही लिहा, पण त्याखाली या वेळी नाव वाचता येईल अशी सही करा.

आपला,
रत्नागिरीचा एक नागरिक